हिरेमठ अक्कांची यादी

हिरेमठ अक्कांनी मला भर चावडीवर दोनशे सव्वीस घरांची यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली, त्या दिवशी मी ही नोकरी सोडायची असं पक्कं ठरवलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की दीडशेव्या घराशी आलो असताना खिशातला फोन वाजला आणि मी 'एक मिनिट' म्हणून कडुलिंबाखाली गेलो. परत आलो तर कागद अक्कांच्या मांडीवर. त्यांनी ते नीट जुळवले, पहिलं पान वर घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"एक नंबरपासून वाचा."

"अक्का, दीडशेपर्यंत झालंय की."

"तुमच्यापुरतं झालंय. तुमी उठलाव, यादी मोडली. यादी वाचताना मधी उठायचं न्हाय. ज्याचं नाव यायचं राहिलंय, त्याला वाटतंय आपुन न्हायच. वाचा."

गाव हसलं. म्हाताऱ्यांची तर करमणूकच झाली. मी दातओठ खात एक नंबरपासून वाचायला लागलो, आणि गंमत म्हणजे एकही माणूस उठून गेला नाही. ज्यांनी एकदा 'हाय' म्हणून हजेरी दिली होती त्यांनी दुसऱ्यांदाही तेवढ्याच जोरात दिली.

अक्का मला एरवी 'तू' म्हणत, किंवा नुसतंच 'नळदुर्ग', कारण मी नळदुर्गचा. 'तुमी' ऐकू आलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

अक्का म्हणजे धाराशिवच्या आमच्या कचेरीतल्या महानंदा हिरेमठ. मूळच्या कर्नाटक सीमेजवळच्या मुरूम गावच्या. घरात कन्नड, कचेरीत मराठी, आणि राग आला की पुन्हा कन्नड. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, टेबलाच्या खणात बडीशेप, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती भाकरी त्या इतकी सावकाश मोडत की शेजारच्याची जेवणाची सुट्टी तो आवाज ऐकण्यातच संपायची. नोकरीला लागल्या त्या टंकलेखिका म्हणून. भूकंपात पडलेली गावंच्या गावं नव्या जागी बसवायचं काम तेव्हा चाललं होतं. कोणतं घर कुणाला दिलं याचा हिशेब कागदावर राहीना, म्हणून कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. आला तो आला, पण त्याला हात लावायला कुणी धजेना. साहेबांनी विचारलं, "टायपिंग कुणाला येतं?" सगळ्यांनी अक्कांकडे बोट दाखवलं. बाकीचे सुटले आणि अक्का अडकल्या, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

पंधरा दिवसांचं एक प्रशिक्षण आणि एक इंग्रजी पुस्तक, एवढ्या भांडवलावर या बाईंनी फॉक्सप्रो नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सगळ्या पुनर्वसित घरांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुस्तकातला शब्द अडला तर त्या दुपारच्या सुट्टीत शेजारच्या शाळेत जाऊन इंग्रजीच्या मास्तरांना विचारून येत. मास्तरांना शब्दाचा अर्थ माहीत असे पण तो कॉम्प्युटरात काय करतो हे माहीत नसे, आणि मग दोघं मिळून अंदाज बांधत. असा अंदाजानं बांधलेला प्रोग्रॅम तीस वर्षं चालला. या काळात साहेब किती आले आणि गेले ते कुणी मोजलं नाही.

मी पुण्यात तीन वर्षं नोकरी करून आईच्या दुखण्यामुळं गावाकडं परतलो आणि या कचेरीत कंत्राटी तंत्रज्ञ झालो. डोक्यात पुण्याची हवा होती. पहिल्याच दिवशी कोपऱ्यात इरकली कापडानं झाकलेला तो जुना कॉम्प्युटर पाहिला, कापड उचललं आणि म्हणालो, "हे तर संग्रहालयात द्यायला पाहिजे."

मागून आवाज आला, "देऊ की. पर त्याला चालू ठिवणारं माणूस संगं द्यावं लागतंय. तू जातोस?"

मी कापड गुपचूप परत घातलं.

चावडीवाचन ही काही अक्कांनी शोधलेली गोष्ट नव्हे. गावातले कागद चार माणसांसमोर मोठ्यानं वाचायचे, ही महसुलातली जुनीच चाल. अक्कांनी ती कॉम्प्युटरला लावली, एवढंच. प्रोग्रॅममध्ये एक ओळ जरी बदलली तरी यादी छापायची, जीप मिळाली तर जीपनं नाहीतर एसटीनं गावात जायचं आणि वाचायचं. घर नंबर अमुक, नाव तमुक. त्या घरच्या माणसानं 'हाय' म्हणायचं. घरचं कुणी नसेल तर शेजारी सांगायचे, "पुण्याला गेलाय, पर हाय." कुणी म्हणायचं, "म्हातारा गेला मागल्या सालात, पोरगा हाय." अक्का ते पेन्सिलीनं टिपून घेत. गावानं 'हाय' म्हटलं तर बदल पक्का, नाहीतर कचेरीत परत येऊन ती ओळ मुकाट पुसायची. पुण्यात आम्ही याला टेस्टिंग म्हणायचो आणि वातानुकूलित खोलीत बसून करायचो.

"यंत्र खोटं बोलत न्हाय," अक्का म्हणायच्या, "पर निम्मं बोलतंय. उरलेलं निम्मं गावात असतंय."

त्यांची स्मरणशक्ती हा कचेरीत दंतकथेचा विषय होता. एकदा एक माणूस आला. हातात घडीवर फाटलेला कागद, त्यावरचा घरनंबर उडालेला. त्याला स्वतःलाही नंबर आठवेना. अक्कांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. "जुन्या गावात तुमचं घर कुठं होतं?" त्यानं सांगितलं, वेशीच्या आत डाव्या हाताला. "म्हंजे आडाच्या पलीकडं. तुमच्या दारात शेवग्याचं झाड होतं." माणूस बघतच राहिला. "मग तुमचं सदुसष्ट." एवढं म्हणून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या, त्या माणसाचं नाव टाकलं आणि पडद्याला म्हणाल्या, "आता बघू, तुला येतंय का." पडद्यावर सदुसष्ट आलं. "येतंय," अक्का समाधानानं म्हणाल्या आणि बडीशेप तोंडात टाकली. कॉम्प्युटरकडे त्या कायम असंच पाहत, वर्गातल्या बऱ्यापैकी हुशार मुलाकडे पाहावं तसं.

मग वरून हुकूम आला, की सगळ्या जुन्या प्रणाली बंद करून नव्या, ऑनलाइन करायच्या. माणसाला आपल्या घराचा उतारा मोबाइलवर मिळणार. चांगलीच गोष्ट होती. फक्त एक होतं, की एकदा जुनी प्रणाली बंद केली की नवीत जे आलं तेच खरं. नवीत ज्याची नोंद नाही, त्याचं घर सरकारदरबारी नाही.

पुण्याहून ऋतुजा नावाची प्रकल्पप्रमुख आली. माझ्याच वयाची, बोलायला चटपटीत, कामाला वाघीण. तिच्याकडे एक स्वयंचलित टूल होतं. जुना प्रोग्रॅम त्याला दिला की ते तो वाचायचं, कुठली ओळ काय करते ते समजावून सांगायचं, तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम लिहायचं आणि जुना-नवा दोन्ही चालवून उत्तरं जुळतात का ते तपासायचं. आम्हा माणसांना जे काम करायला वर्ष लागलं असतं ते काही आठवड्यांत होणार होतं. कचेरीत सगळ्यांनी पैजा लावल्या, की अक्का आता रुसणार. निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरलेले, आयुष्यभराचं काम एक यंत्र येऊन गिळणार, मग माणूस रुसणार नाही तर काय करणार?

अक्कांनी खुर्ची ओढली आणि ऋतुजाशेजारी बसल्या. चष्मा पुसला. "नवीन कारकून कसा हाय, बघू तरी," म्हणाल्या. "मराठी येतंय व्हय त्याला?"

"येतं की, मॅडम. विचारा काहीही."

अक्कांनी आपल्या प्रोग्रॅमचा सगळ्यात जुना भाग उघडायला सांगितला आणि स्वतः टाइप केलं, 'हा प्रोग्राम काय करतो ते सांग.' पडद्यावर मजकूर येऊ लागला. हा भाग घरवाटपाचा आहे. यात कुटुंबाची माणसं मोजली जातात. आणि मग एक वाक्य आलं, ते मला अजून पाठ आहे: 'घरात चालता न येणारी व्यक्ती असल्यास पाण्याच्या नळाजवळचं घर आधी पाहिलं जातं. लिहिणाऱ्यानं ही काळजी तीन वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली दिसते.'

अक्कांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून तिसऱ्यांदा. मला वाटलं, काहीतरी चुकलं असणार.

"तीस वर्सं झाली," त्या शेवटी म्हणाल्या, "यादी सगळ्यांनी वाचली. माझं लिखाण कुणी वाचलं न्हवतं."

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. मीही त्याच खोलीत चार वर्षं बसत होतो आणि मीही ते वाचलेलं नव्हतं. अक्कांनी उठून डबा आणला, त्यातली शेंगापोळी ऋतुजाच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचा कारकून जेवत न्हाय, न्हायतर त्यालाबी दिली असती." पैज लावणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी पाहण्यासारखी झाली होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. लपवून उपयोग नाही.

ते टूल काही गोष्टी स्वतः ठरवत नसे. शंका आली की प्रश्न काढून ठेवी आणि माणसानं निर्णय द्यायचा असे. ते प्रश्न निकालात काढायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी एक प्रश्न आला: 'एकतीस नोंदींमध्ये घरमालकाच्या मृत्यूची तारीख घर मिळण्याच्या आधीची आहे. तरीही जुना प्रोग्रॅम या नोंदी मुद्दाम वैध मानतो. कारण सापडलं नाही. वगळण्यापूर्वी जाणकार व्यक्तीला विचारावं.' खाली दोन पर्याय होते, 'विचारा' आणि 'चूक मानून वगळा'.

मेलेल्या माणसाला घर! मला हसूच आलं. जुन्या काळची घाईगर्दी, कुणीतरी तारखा चुकवल्या असणार. जाणकार व्यक्ती माझ्यापासून दहा पावलांवर भाकरी मोडत बसली होती. मी विचारलं नाही. का विचारलं नाही, हेही सांगून टाकतो. मला लाज वाटली. सगळं अक्कांनाच विचारायचं तर मी आणि ते पुण्याहून आलेलं टूल कशाला? मी 'चूक मानून वगळा' दाबलं.

वगळलेल्या नोंदी मग तुलनेतूनही वगळल्या गेल्या. साहजिकच उरलेलं सगळं तंतोतंत जुळलं. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली. साहेब खुश, ऋतुजा खुश. जुनी प्रणाली बंद करायची तारीख ठरली. बैठक उठता उठता अक्कांनी विचारलं, "गावात वाचलं का?"

साहेब हसले. "मॅडम, आता यंत्रानं लाखो वेळा तपासलंय. वाचायची काय गरज?"

"साहेब, माझ्या नोकरीचे एकवीस दिवस राहिलेत. त्यातला एक मला द्या."

बोलायची रीत अशी, की नाही म्हणणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. साहेबांनी एक दिवस दिला आणि एकच गाव. अक्कांनी गाव निवडलं ते नेमकं तेच, जिथं मला यादी पुन्हा वाचायला लावली होती. मला वाटलं, मुद्दाम. नंतर कळलं की कारण निराळंच होतं.

ते गाव उमरग्याच्या बाजूचं, नव्यानं बसवलेलं. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकाच साच्यातली घरं. इथं चावडी नाहीच, पण ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्याला लोक चावडीच म्हणतात. ऋतुजाही हौसेनं आली होती. अक्का नेहमीप्रमाणे बायकांत, मागच्या बाजूला बसल्या. मी वाचायला घेतलं. शंभरपर्यंत झोकात गेलो.

"घर नंबर एकशे अकरा."

"हाय."

"एकशे बारा."

"हाय."

"एकशे चौदा."

कुणी बोललं नाही. मी नाव पुन्हा वाचलं. एकशे चौदाचे घरमालक तर माझ्यासमोरच बसले होते, पांढऱ्या मिशांचे आजोबा, माझ्याकडे टक लावून बघत.

"आजोबा, तुमचंच नाव घेतलंय."

"ऐकलंय मी," आजोबा म्हणाले. "आधी एकशे तेरा घ्या. मग मी बोलतो."

मागून एक बाई उठली. पस्तिशी ओलांडलेली, अंगणवाडीतल्या मदतनीस बायकांची साडी नेसलेली. तिचं नाव सुरेखा. "साहेब, माज्या बापाचं नाव न्हाय घेतलं," ती म्हणाली. "माणिक सुरवसे."

मी कागद चाळले. नव्हतंच. आणि मग लख्खकन आठवलं, की आपण एकतीस नोंदी वगळल्या होत्या. तरी तोंड चालूच राहिलं. "ती नोंद तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे. म्हणजे तुमचे वडील घर मिळायच्या आधीच वारलेत, त्यामुळं..."

"बाप मेलाय ते मला म्हाईत हाय," सुरेखा म्हणाली. "भूकंपाच्या रातीला त्याच्या शेजारी म्याच झोपले होते. घराचं काय झालं ते सांगा. म्या ऱ्हाते त्या घरात. माजी लेकरं ऱ्हातात."

मी पुन्हा कागद चाळायला लागलो. तेवढ्यात अक्का उठल्या, पदर सावरून पुढं आल्या आणि त्यांनी सुरेखासमोर हात जोडले.

"बाई, चूक माझी हाय."

मी तोंड उघडणार, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"तुझ्या बापाचं नाव का ठिवलंय, ते मी कुठं लिहून ठिवलं न्हाय. ते नुसतं माझ्या डोक्यात ठिवलं. आन आता ते डोकं घेऊन घरी बसायला निघाले होते. ह्या लोकांनी कुठनं ओळखावं?"

मग त्यांनी ते कारण चावडीला सांगितलं. खरं तर मला आणि ऋतुजालाच सांगितलं, कारण चावडीला ते माहीत होतं. घरं वाटायच्या वेळी अक्कांनी स्वतःच प्रोग्रॅममध्ये अट घातली होती, की मेलेल्या माणसाच्या नावावर घर चढणार नाही. शहाणपणाचीच अट. याच गावात, घरं बांधून होत होती तेव्हा, त्यांनी आयुष्यातली पहिली यादी वाचली आणि एकशे तेराला कुणाचं नावच आलं नाही. सहा वर्षांची सुरेखा चुलत्याचा हात धरून उभी होती. घरातलं बाकी कुणी उरलं नव्हतं. चुलता म्हणाला, घर माझ्या नावावर करा, मी पोरीला सांभाळतो. चुलता वाईट होता असं नाही, पण पुढचं कुणी सांगावं? तेव्हा एकशे चौदाचे हेच आजोबा, त्या वेळचे काळ्या मिशांचे, उठून म्हणाले होते, "घर माणिकच्याच नावानं लिवा. मेल्याच्या नावचं घर कुणाला विकता येत न्हाय. पोर मोठी झाली की तिचं ती बघंल." चुलत्यासकट सगळ्या चावडीनं 'हाय' म्हटलं. अक्कांनी धाराशिवला जाऊन साहेबांची सही घेतली, आपली शहाणी अट मोडली आणि तिला एक अपवाद जोडला. पुढं गावोगाव अशी लेकरं निघाली. एकतीस.

सुरेखा अठरा वर्षांची झाली तेव्हा अक्कांनी तिला बोलावणं पाठवलं, की नाव बदलून घे. ती कचेरीत आली. तिनं विचारलं, "बदललं तर माज्या बापाचं नाव कुठं ऱ्हाईल?" तिच्याकडे बापाचा फोटो नव्हता. जुन्या घराबरोबर सगळंच दगडाखाली गेलं होतं. त्याचं नाव जगात एकाच ठिकाणी होतं, अक्कांच्या कॉम्प्युटरात, एकशे तेरा नंबरला. अक्कांनी ते तसंच ठेवलं.

परतीच्या जीपमध्ये ऋतुजानं लॅपटॉप उघडून टूलचा तो प्रश्न शोधला आणि अक्कांपुढं धरला. 'कारण सापडलं नाही. वगळण्यापूर्वी जाणकार व्यक्तीला विचारावं.' खाली माझं नाव आणि माझा निर्णय. अक्कांनी चष्मा लावून वाचलं.

"त्या यंत्राला कळलं, विचारावं म्हणून," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमाला कळलं न्हाय."

एवढंच. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चार वर्षांत या बाईंनी मला जे शिकवलं ते मी एका बोटानं पुसलं होतं, आणि वर चावडीसमोर त्यांनी माझी चूक आपल्या पदरात घेतली होती. येणेगूर मागं पडलं तेव्हा अक्का बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या, "ओंदु, एरडु, मूरु..." शेवटी म्हणाल्या, "वीस दिवस हायत. पुरतील. नळदुर्ग, उद्या लवकर ये."

'नळदुर्ग' ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

साहेबांनी तारीख पुढं ढकलली. त्याआधी अक्का त्यांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं होत्या. आत काय झालं माहीत नाही, पण बाहेर आल्या तेव्हा बडीशेप चघळत होत्या. पुढचे वीस दिवस जे चाललं ते मी कुठल्या कॉलेजात पाहिलं नाही की पुण्यातही पाहिलं नाही. ते टूल प्रोग्रॅममधली एकेक अट काढायचं आणि विचारायचं, ही का? अक्का सांगायच्या. कुठल्या गावानं मागितली, चावडीवर कोण काय बोललं, नडलं कुणाचं होतं. टूल ते नीट लिहून त्या त्या अटीच्या शेजारी ठेवायचं आणि कारण समजल्यावर कधी कधी म्हणायचं, 'मग असं कुटुंब दुसऱ्या गावात असेल तर त्यांनाही हे लागू करायचं का?' अक्का खुर्चीत मागं टेकून विचार करायच्या. "चांगलं विचारतंय," म्हणायच्या. "एकदा सांगितलं की परत सांगावं लागत न्हाय. नळदुर्गला तीनदा सांगावं लागतंय."

एकदा टूलनं अक्कांची खरीखुरी चूक काढली. यादी छापताना त्यांचा प्रोग्रॅम एक काम विनाकारण दोनदा करत होता, म्हणून छपाईला दुप्पट वेळ लागे. मी धास्तावून त्यांच्याकडे पाहिलं. अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तीस वर्सं!" म्हणाल्या. "तीस वर्सं मी त्या छपाईची वाट बघत बसले. निम्म्या येळात घरी गेले असते की गं, ऋतुजा!"

एकतीसच्या एकतीस नोंदी नव्या प्रणालीत आल्या, मालकाच्या रकान्यात बापाचं किंवा आईचं नाव आणि बाजूच्या रकान्यात त्या घरात राहणाऱ्या लेकराचं. ऋतुजा जाताना म्हणाली, की इतर जिल्ह्यांतल्या कामातही ती आता यादी मोठ्यानं वाचायला लावणार आहे. आमच्या जिल्ह्यातल्या एका टंकलेखिकेची रीत पुण्याची माणसं शिकून गेली, हे मी नळदुर्गला जाऊन वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात येईल त्याला सांगितलं. ट्रकवाल्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण मी सांगितलंच.

अक्कांचा नोकरीचा शेवटचा दिवस. कचेरीत निरोपसमारंभ ठरला होता, हार आणून ठेवले होते. अक्का म्हणाल्या, समारंभ सकाळी उरका, दुपारी यादी वाचायचीय. हार गळ्यातून काढून त्या जीपमध्ये बसल्या. काखेत एक घडी होती, जुन्या कॉम्प्युटरवरचं ते इरकली कापड. कचेरीतनं नेलं ते तेवढंच.

पुन्हा तेच गाव, तोच ओटा. अक्का मागं बायकांत बसल्या, शेजारी सुरेखा. मी फोन जीपमध्येच ठेवला होता. वाचायला लागलो.

"घर नंबर एकशे बारा."

"हाय."

"घर नंबर एकशे तेरा. कैलासवासी माणिक सुरवसे. राहणार, त्यांची मुलगी सुरेखा."

"हाय!" सुरेखा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की झाडावरची पाखरं उडाली. आणि मी पुढचा नंबर उच्चारायच्या आत आजोबा म्हणाले, "एकशे चौदा, हाय. वाचा म्होरं."

गाव हसलं, मीही हसलो, आणि मागं बघतो तर अक्का उठून उभ्या राहिलेल्या. मला काही समजेना. त्यांनी सुरेखाच्या डोक्यावर हात ठेवला, काखेतली घडी नीट केली आणि ओट्याची पायरी उतरल्या. मुरूमकडं जाणारी एसटी फाट्यावर याच सुमाराला येते. मला उठावंसं वाटलं. निदान पाया पडावंसं वाटलं. पण हातात यादी होती, आणि अजून शंभरावर माणसं आपलं नाव यायची वाट बघत होती.

तीस वर्षांत ही बाई यादी संपण्याआधी एकदाही चावडीवरून उठून गेली नव्हती. आज उठली होती. माझ्या भरवशावर उठली होती. याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही आणि कुणी देईल असं वाटतही नाही.

नव्या गावातले रस्ते सरळ आहेत, माणूस लांबपर्यंत दिसतं. मी वाचत होतो आणि पान उलटताना मान वर करून बघत होतो. दर वेळी अक्का थोड्या लहान झालेल्या. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. एकशे साठला त्या पाण्याच्या टाकीपाशी होत्या, दोनशेला फाट्यावर. दोनशे सव्विसावा 'हाय' आला तेव्हा मान वर केली, तर रस्ता मोकळा होता.